मूळ शोधाचा अर्ज तुलाच करावा लागेल

लातूर

चि. मुक्ता हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

"पप्पा, मी माझी दत्तकाची फाईल मागितली तर तुम्हाला चालेल का?" असं तू परवा विचारलंस. हो म्हणालो, पण तुझ्या आवाजात अजून शंका होती, म्हणून सविस्तर लिहितो.

चालेल का, हा प्रश्नच डोक्यातून काढून टाक. 1956च्या हिंदू दत्तक कायद्याप्रमाणे रीतसर झालेलं दत्तक मोडता येत नाही. आम्हाला नाही, कुणाला नाही, तुलाही नाही. जन्मदाखल्यावर आई-वडील म्हणून आमची नावं आहेत आणि राहतील. त्यामुळे तुझ्या शोधाने आमचं काही कमी होणार नाही.

आत्या म्हणते, "कशाला उकरून काढायचं?" मला हे पटत नाही. 2023 पासून आपल्या मराठवाड्यात घरोघरी काय चाललं होतं, आठव. कुणबी नोंदीसाठी माणसं तहसीलच्या रेकॉर्ड रूमबाहेर उभी होती. निजामकाळातली दप्तरं, मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांचा शोध, खासरा पत्रकाची नक्कल, मग वंशावळ. ज्याला त्याला पणजोबाचं नाव हवं होतं आणि ते मिळालं की माणूस दोन दिवस तेच सांगत फिरायचा. कुणी त्याला म्हणालं नाही की जुनं कशाला काढतोस. सगळ्या गावाला पणजोबा शोधायची मुभा आहे, तर माझ्या लेकीला जन्मदात्या आईबद्दल विचारायची का नसावी? दवाखान्यात डॉक्टर "घरात कुणाला शुगर, थायरॉईड?" विचारतात तेव्हा तू गप्प होतेस, ते मी पाहिलंय.

तू न्यू यॉर्कचं सांगत होतीस. तिथे 2020 पासून 18 वर्षांवरच्या दत्तक मुलांना मूळ जन्मदाखल्याची नक्कल मिळते. इंग्लंडात हा हक्क 1975च्या कायद्याने आला. आपल्याकडे दार एवढं उघडं नाही, पण बंदही नाही. दत्तक नियमांत 'मूळ शोध', म्हणजे आपल्या जन्मदात्यांचा शोध, अशी तरतूदच आहे. 18 पूर्ण झालेल्या मुलाला स्वतः अर्ज करता येतो. दत्तक देणाऱ्या संस्थेकडे, जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे किंवा दिल्लीच्या 'कारा' या केंद्रीय दत्तक प्राधिकरणाकडे. तिऱ्हाइताला मात्र हा शोध घेता येत नाही. शाळा, सीईटी, वसतिगृह, पॅनकार्ड, तुझे सगळे फॉर्म मीच भरत आलो. हा तुझ्या नावाने, तुझ्या सहीने, तूच द्यायचा.

आता दुसऱ्या बाजूचं. तुला कुणी टाकून दिलेलं नव्हतं, रीतसर समर्पण झालं होतं, म्हणजे जन्मदात्या आईने कायद्याप्रमाणे तुला सोपवलं होतं, हे तुला माहीत आहे. समर्पणानंतर विचार बदलायला दोन महिन्यांची मुदत असते. ते दोन महिने त्या बाईने कसे काढले असतील, हे माझ्या मनात तुझ्या प्रत्येक वाढदिवसाला येतं. तिने नाव गुप्त ठेवायला सांगितलं असेल, तर संस्थेने किंवा बाल कल्याण समितीने आधी तिची लेखी संमती घ्यायची असते. तिने नकार दिला किंवा ती सापडलीच नाही, तर नाव मिळत नाही. पण कोणत्या कारणाने, कोणत्या परिस्थितीत तुला सोपवलं, ते तुला सांगावं असं नियम म्हणतो. ते आवर्जून माग. त्यावर तुझा हक्क आहे.

माझं स्पष्ट मत असं की तिला आज विचारलं गेलं पाहिजे. तेव्हा घाबरलेल्या मुलीने केलेली सही आजच्या बाईचं उत्तर असेलच असं नाही. पण विचारायचं ते संस्थेने, बंद खोलीत. तिचं घर असेल, सासर असेल, घरात कुणाला ठाऊक नसेल. हाती गावाचं नाव लागलं तरी एकटी तिथे जाऊ नकोस. आपल्याकडे दारात अनोळखी पोरगी उभी राहिली की संध्याकाळपर्यंत गावभर होतं, हे तुला मी सांगायला नको.

कागद मागितल्यावर "जुनं रेकॉर्ड आहे, बघावं लागेल" असं तोंडी ऐकायला मिळेल. तोंडी उत्तरावर परत फिरू नकोस. अर्जाची पोच घे, शिक्का आणि तारीख बघून.

कोर्टाच्या हुकुमाची प्रमाणित नक्कल कपाटातल्या निळ्या फाईलीत आहे, तिच्या झेरॉक्स काढून ठेवतो. आई विचारते आहे, अर्ज द्यायला जाशील तेव्हा ती सोबत आली तर चालेल का. तिला तूच फोन कर.

तुझे,
पप्पा