साहेब, भीमगडचा नाका नक्की कुणासाठी?

मा. वनमंत्री, कर्नाटक सरकार, यांस,
स. न. वि. वि.

खानापूर तालुक्यातल्या हेम्माडगा भागातून लिहितोय. गेल्या महिन्यात आमची पाडी नदीवर पाणी प्यायला उतरली, ती लंगडतच वर आली. खुरात बिअरच्या बाटलीची काच. चिमट्यानं ती काढताना थोरला म्हणाला, "रविवारवाल्यांची भेट!" आमच्याकडं पर्यटकांना आता हेच नाव पडलंय.

डिसेंबर 2011 मध्ये भीमगड अभयारण्य जाहीर झालं, साधारण 190 चौरस किलोमीटर. जंगल राखायला आमची ना नव्हती आणि नाही. पण अभयारण्याच्या आतल्या गवाळी, पास्टोली, कोंगळा, आमगाव इथल्या माणसांनी रस्ता मागितला की 1972 चा वन्यजीव कायदा आडवा येतो. जुलै 2024 मध्ये आमगावच्या आजारी बाईला गावकऱ्यांनी भर पावसात खांद्यावरून आणलं. त्याच जंगलात सुट्टीच्या दिवशी बेळगाव, हुबळी, गोव्याच्या गाड्या मोठ्यानं गाणी लावून फिरतात. पावसाळ्यात धबधब्यांवर बंदी येते, तेव्हा मंडळी आडवाटेनं घुसतात. वाट चुकली की शोधायला आमचीच पोरं.

तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांचं तर वेगळंच. तिथलं रॉटनचं वटवाघूळ 1913 मध्ये शास्त्रज्ञांनी जगापुढं मांडलं. पुढं कितीतरी दशकं या एका जागेशिवाय ते कुठंच माहीत नव्हतं; मेघालयात आणि कंबोडियात सापडलं ते अलीकडं. दिवसा ही वटवाघळं छताच्या भेगांत दाटीनं झोपलेली असतात. कुणी बॅटरीचा झोत मारला, आरोळी ठोकली की सगळी उठतात. अशा धांदलीत पिल्लू खाली पडलं तर ते बहुधा गेलंच. वाघाचा फोटो पोस्टरवर शोभतो, वटवाघळाला कोण विचारतो!

पर्यटन बंद करा असं मी म्हणत नाही. माझा भाचाच पाहुण्यांना जंगल दाखवून चार पैसे मिळवतो. पण दिवसाला किती गाड्या सोडायच्या ते नाक्यावर ठरू द्या, काचेच्या बाटल्या तिथंच काढून घ्या, आत जाणाऱ्यासोबत गावचा माणूस हवाच. प्रवेश फीमधला वाटा ग्रामसभेला मिळावा. गुहा मात्र पूर्ण बंद ठेवा, अभ्यासकांशिवाय कुणालाच नको. आणि हो, फलक कानडीबरोबर मराठीतही लावा. कोल्हापूरहून आलेल्याला "प्रवेश बंद" कळायला नको का?

आता शेवटचं, आणि जिवाला लागलेलं. तळेवाडीच्या कुटुंबांना गाव सोडण्यासाठी प्रत्येकी 15 लाख जाहीर झालेत. जे आपखुशीनं जातात त्यांचं भलं होवो. बाकीची गावंही आज ना उद्या उठतील असं दिसतंय. साहेब, आमची घरं पडल्यावर त्या जोत्यांवर रिसॉर्ट उभं राहणार नाही, एवढं आम्हाला सही-शिक्क्यानिशी लेखी द्या.

आपला,
हेम्माडगा भागातला एक शेतकरी