गाडी चाकांवर उभी करूनच पाइप बसवावा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

जुन्या मोटारी पुन्हा रस्त्यावर आणणाऱ्या हौशी मंडळींविषयी आपल्या दैनिकात अधूनमधून लेख येतात आणि मी ते आवडीने वाचतो. त्यांत रंगकाम, क्रोम आणि गाद्या यांवर भरभरून लिहिलेले असते. गाडीच्या पोटाखालून जाणाऱ्या एक्झॉस्ट पाइपविषयी मात्र चकार शब्द नसतो. हा पाइप कुजला की तो नवा करण्यावाचून गत्यंतर नसते आणि तो कोठून न्यायचा, हे बहुतेक वेळा गॅरेजमध्ये उभ्या उभ्या ठरते. त्या घाईचा त्रास मी स्वतः भोगला आहे, म्हणून हे पत्र.

माझ्या गाडीला मागे सलग अ‍ॅक्सल (मागची दोन्ही चाके जोडणारा एकच आडवा दांडा) आणि पाटे (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) आहेत. पाइप इंजिनाचा धूर एकत्र करणाऱ्या मॅनिफोल्डपासून निघतो, इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या कडेने मागे येतो, अ‍ॅक्सलवरून कमान घेतो आणि बंपरखालून बाहेर पडतो. एका गॅरेजने नवा पाइप बसवला तेव्हा गाडी लिफ्टवर होती. चाके अधांतरी लोंबत असल्यामुळे अ‍ॅक्सल जेवढा खाली जाऊ शकतो तेवढा खाली गेलेला होता, आणि त्या स्थितीत पाइप व अ‍ॅक्सल यांमध्ये चांगली चार बोटे जागा दिसत होती. गाडी जमिनीवर आली, मागे दोन माणसे बसली आणि पहिल्याच खड्ड्यात घणाचा घाव बसावा तसा आवाज आला. खाली वाकून पाहिले, तर कमानीवर रुपयाएवढा चकचकीत खळगा पडला होता. त्याहून वाईट म्हणजे अ‍ॅक्सलकडे जाणारी ब्रेकची रबरी नळी पाइपच्या इतकी जवळ आली होती की, पुढे काही दिवसांनी ती बोटाने वाकवून पाहिली तेव्हा कडक झालेल्या रबरावर केसासारख्या भेगा दिसल्या. आवाज झाला नसता, तर मी ती नळी तपासलीही नसती.

पाइपची वाट ठरवताना गाडीचा भार तिच्या चाकांवरच असला पाहिजे, ही गोष्ट मी या अनुभवातून शिकलो. त्यासाठी गाडी रॅम्पवर चढवावी किंवा घोड्या (गाडी तोलून धरणारे लोखंडी टेकू) अ‍ॅक्सलखालीच लावाव्यात. त्यानंतर अ‍ॅक्सल पूर्ण लोंबता सोडूनही पाहावे, कारण वर आदळणारा पाइप जसा वाईट, तसाच चाक खाली गेल्यावर अडकणाराही वाईट.

चालत्या गाडीत पाइप स्थिर नसतो, हेही लक्षात घ्यावे लागते. इंजिन आपल्या रबरी माउंटिंगवर डोलते आणि पाइपला सोबत ओढते. शिवाय उष्णतेने पाइप लांब होतो : साधे पोलाद 300 अंश सेल्सिअसने तापले की दर मीटरला सुमारे साडेतीन मिलिमीटर वाढते, आणि 304 प्रतीचे स्टेनलेस स्टील सुमारे पाच. म्हणजे 3 मीटरचा पाइप सेंटिमीटरभर तरी मागे सरकणारच. अशा पाइपला चेसिसशी घट्ट जखडले तर वेल्डिंग तडकते किंवा मॅनिफोल्डवर ताण येतो. म्हणून पाइप टांगायला रबरी हँगर हवेत, आणि थंड असताना ते ताणलेले नसावेत. आजूबाजूला बोटभर मोकळी जागा सोडावी, असा जुन्या मेकॅनिकांचा प्रघात आहे. ब्रेक आणि पेट्रोलच्या नळ्यांपाशी मात्र मी त्याहून जास्त ठेवीन आणि मध्ये पत्र्याची आडही घालीन. डॉट 3 प्रतीच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू नव्याने भरलेले असताना किमान 205 अंश सेल्सिअस एवढाच अपेक्षित असतो, आणि ओलावा शोषला की तो आणखी खाली येतो. कार्ब्युरेटरच्या गाडीत तापलेल्या नळीत पेट्रोलची वाफ होऊन इंजिन बंद पडते, ते वेगळेच.

काही गाड्यांचा मूळ पाइप एकसंध असतो आणि अ‍ॅक्सल जागेवर असताना तो ओवताच येत नाही. तेव्हा तो सरळ भागात कापून बाही (जोडावर बसणारा नळीचा छोटा तुकडा) घालून जोडावा. वळणावर कापू नये. जोडात इंजिनकडच्या पाइपचे टोक मागच्या पाइपच्या आत गेले, तर जोडाच्या फटीतून धूर गळायला कमी वाव मिळतो. सगळी मालिका आधी सैल क्लॅम्पवर टांगावी, वेल्डिंगचे फक्त टाके मारावेत, गाडी हलवून पाहावी आणि मगच पक्के करावे. या क्रमाने अर्धा दिवस जास्त जातो, पण तो वाचवण्याजोगा नाही.

शेवटचे टोक बॉडीच्या कडेबाहेर निघालेच पाहिजे. दिसायला नीटनेटके म्हणून ते बंपरच्या आत थांबवलेले मी पाहिले आहे. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो, आणि जुन्या गाडीच्या जमिनीला व डिकीच्या रबराला फटी असतातच. मागच्या आसनावर बहुधा मुले बसलेली असतात.

आपल्या पुढच्या लेखासाठी एखादी सजवलेली गाडी निवडाल तेव्हा तिच्या पोटाखालचेही एक छायाचित्र छापावे आणि पाइप कोणी, कसा नेला हे मालकाला विचारावे, अशी विनंती आहे.

कळावे,

आपला एक नियमित वाचक