पापणीच्या मुळाशीही बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझ्या ७१ वर्षांच्या आईच्या पापण्यांना वर्षभर खाज सुटत होती, सकाळी उठल्या उठल्या सगळ्यात जास्त. पापणीचे केस गळायला लागले, दोनदा रांजणवाडी झाली. अ‍ॅलर्जी असेल म्हणून थेंब आणले. दोन दिवस बरं वाटायचं, थेंब बंद केले की पुन्हा तेच. मग तीच बाटली आम्ही चिठ्ठीशिवाय औषधाच्या दुकानातून आणत राहिलो. त्यात स्टेरॉइड होतं, हे आम्ही वाचलंच नाही.

शेवटी नेत्रतज्ज्ञांनी तिला स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळे मोठे करून तपासायच्या यंत्रावर, हनुवटी टेकवून नुसतं खाली बघायला सांगितलं. वरच्या पापणीच्या जवळजवळ प्रत्येक केसाच्या बुडाशी बाहीसारखा मेणचट कोंडा चढलेला होता. एक केस उपटून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर आठ आखूड पायांचा लांबुडका जीव सावकाश हलताना दिसला. हा डेमोडेक्स माइट. कोळी-गोचिडीच्या जातकुळीतला, मिलिमीटरच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाएवढा.

घरी आल्यावर आई रडली. ‘मी इतकी स्वच्छ राहते, मला किडे कसे लागले?’ ही लाज बाळगूनच कितीतरी जण गप्प बसत असतील, म्हणून हे पत्र. हे माइट बहुतेक प्रौढांच्या त्वचेवर असतातच आणि वयाबरोबर वाढत जातात. एक जात केसाच्या मुळाशी राहते, दुसरी पापणीच्या तेलग्रंथीत. थोडे असतात तोवर काही बिघडत नाही. त्यांची संख्या फार वाढली की पापणी सुजते. चेहऱ्यावर रोझेशिया या त्वचाविकाराची लाली असणारे, प्रतिकारशक्ती कमी झालेले यांना धोका जास्त. आणि स्टेरॉइडने लाली तेवढी दबते, पण तिथली प्रतिकारशक्तीही दबते आणि माइटला रान मोकळं मिळतं. शिवाय असे थेंब महिनोन्‌महिने घातले तर काचबिंदू, मोतीबिंदूची भीती वेगळीच.

आमच्याकडे काजळाची एकच डबी तिघींत फिरायची, टॉवेलही एकच. जवळच्या संपर्कातून हे माइट एकाकडून दुसऱ्याकडे जातात. आता डबी फेकली, उशीचे अभ्रे गरम पाण्यात धुतो. माइटचं आयुष्य दोन-तीन आठवड्यांचं, म्हणून पापण्यांची सफाई निदान सहा आठवडे चालू ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलं. टी ट्री तेल यावर चालतं म्हणून कुणी ते तसंच पापणीला चोळू नये, डोळा भाजतो.

औषध दुकानदारांना हात जोडून विनंती, की स्टेरॉइडचे थेंब चिठ्ठीशिवाय देऊ नका. आणि आपल्या आरोग्य पुरवणीत एखाद्या नेत्रतज्ज्ञांकडून यावर सविस्तर लिहून घ्यावं. आईची सफाई अजून चालू आहे, पण सकाळची खाज थांबली आहे.

कळावे,
आपली एक वाचक, कराड