नंद्या, पहिले चारशे सहासष्टमध्ये

प्रिय नंद्या,

दिवाळीपासून तुला एक फोन नाही, वाढदिवसाचा मेसेज पण गेला राहून, काय शिव्या घालायच्या त्या घाल, मी ऐकून घेतो. पण आज लिहितोय कारण गेल्या शनिवारी जे झालं ते तुझ्याशिवाय कोणाला कळणारच नाही. हिला सांगायला गेलो तर म्हणते, पोरीच्या पळण्यात तुमचे घोडे कुठून आले? आईचा गुडघा तसाच, माझी शुगर ठीक.

सईची आठशे मीटरची रेस होती. पाचवी आली, 2:26. पहिली आली तिचा टाइम 2:24. कागदावर एवढंच. सर म्हणाले दम नाही हिच्यात, चारशेला टाकू. रिक्षात पोरगी गप्प, तलावपाळीच्या ट्राफिकमध्ये अडकलो तेव्हा हळूच म्हणाली, बाबा, मी शेवटी चालत होते का?

रात्री सगळे झोपल्यावर ओट्याला टेकून उभा राहिलो आणि मोबाईलवरचा व्हिडिओ काढला. दर दोनशेला थांबवायचा, टाइम लिहायचा, परत मागे न्यायचा, प्रत्येक तुकडा तीन-तीनदा लावला. सई 32, 34, 38, 42. जिंकलेली मुलगी 35, 37, 37, 35. बघ नंद्या, नीट बघ हे आकडे. अर्ध्या रेसला आपली सई सहा सेकंद पुढे होती रे, तीस-पस्तीस मीटर! शेवटच्या दोनशेचा वेग अख्ख्या रेसच्या सरासरी वेगाशी लावला तर ती मुलगी 103 टक्के आणि सई 87. आपल्या घोड्यांच्या वहीत असा 87 वाला आला की तू पेन्सिलीने बाजूला लिहायचास 'जळला', आणि मी ते खोडून लिहायचो 'पुन्हा बघणे'.

सात नंबरचा घोडा आठवतोय ना? महालक्ष्मीला सोळाशेच्या रेसमध्ये आठ-दहा लेंथ (म्हणजे आठ-दहा घोड्यांच्या लांबीएवढा) पुढे पळालेला आणि शेवटच्या दोनशेत सगळ्यांनी गिळलेला. तू म्हणालास गाढव आहे, आणि दादरला गाडी बदलून ठाण्याला उतरेपर्यंत आपण भांडत आलो. मी घसा फोडून सांगत होतो की पहिले हजार त्याने ज्या टायमात काढले त्यात कुठलाही घोडा मेला असता, मागून आलेला तो हिरो काही वेगाने जिंकला नाही, पुढचे मेले म्हणून जिंकला, त्याचा शेवटचा सहाशे काढून बघ, साधा आहे. मग पुढच्या वेळी कोणी पुढे पळायलाच तयार नव्हतं, जॉकीने सात नंबरला आरामात पुढे ठेवला, आणि शेवटी त्याच्याकडे ताकद शिल्लक होती, जिंकला. त्या दिवशी पैजेचं तिकीट तुझ्याकडे होतं आणि मी कल्याणला लग्नात जेवत होतो. हे मी अजून माफ केलेलं नाही.

एवढं सगळं मला माहीत होतं नंद्या. आणि शनिवारी जाळीला धरून "सई, पुढे निघ, सोडू नको" असं कोण ओरडत होतं? मी. व्हिडिओत माझाच आवाज आहे, पहिल्या वळणावर तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि पाय टाकला, तेही दिसतं. तेवढा तुकडा मी परत लावला नाही.

आता तू अमेरिकेचा तो घोडा, सेक्रेटरिएट काढणार, मला माहितीये. 1973 च्या केंटकी डर्बीत दर पाव मैल आधीच्यापेक्षा फास्ट, 25.2, 24, 23.8, 23.4, 23, असं पळणं कोणाला जमतं? आणि त्याच वर्षी बेलमाँटला तोच घोडा पहिले सहा फर्लांग, म्हणजे पाऊण मैल, 1:09.8 मध्ये वेड्यासारखा निघाला आणि मेला नाही, उलट 31 लेंथनी जिंकला. बरोबर आहे तुझं. पण त्याच्या बाजूने तेवढाच पेस घेणारा दुसरा घोडा, शॅम, शेवटचा आला, ते तू दरवेळी सोडून देतोस. आपल्या पोरी बहुतेक शॅमच असतात रे, आणि शॅम काही वाईट घोडा नव्हता.

मला झोप लागत नाही ती वेगळ्याच गोष्टीने. तू म्हणायचास, 'घड्याळ खोटं बोलत नाही रव्या, पण तू त्याला हवं तेवढंच विचारतोस.' तसं तर करत नाहीये ना मी? कारण 36.5 नी चार तुकडे सारखे काढले तरी बेरीज 2:26 च येते. दम राखला असता तर किती सेकंद वाचले असते, दोन की चार, हे या आकड्यांत लिहिलेलं नाही. जिंकलेल्या पोरीने शेवटचे दोनशे 35 मध्ये काढले, म्हणजे तिच्याकडे अजून शिल्लक असेलच की. आणि पहिले चारशे 66 मध्ये मारणारी पोरगी खरंच चारशेची असू शकते, सर चुकले असं छातीठोक म्हणवत नाही. पण 'दम नाही' हा शब्द तिच्या कानात गेलाय आणि तो खोटा आहे, तो रेसच्या आकड्यांतून निघतच नाही. घोड्याला निदान मेल्यावर कोणी असं सांगत नाही.

कालपासून आम्ही दोघं सकाळी साडेपाचला ट्रॅकवर जातोय. मी दर दोनशेला उभा राहून ओरडतो, "छत्तीस!" काल पहिला तुकडा 33 आला, आज 35. सई चिडली, म्हणते बाबा हे किती स्लो वाटतं. मी म्हटलं तुझ्या नंद्याकाकालाही आयुष्यभर तसंच वाटलं. हसली, आठवड्यात पहिल्यांदा.

तुझ्या बदलीचं काय झालं? वहिनींचा रिपोर्ट बरा आला असं आईकडून कळलं, बरं वाटलं. पिंट्या बारावीला ना? मे महिन्यात ठाण्याला येच, मामलेदारची मिसळ माझ्याकडून.

आता खरं काम. चोर बाजारातलं ते दोन काट्यांचं घड्याळ तुझ्याकडेच आहे, नाही म्हणू नको. मोबाईलवर स्प्लिट, म्हणजे दर तुकड्याचा टाइम, घेताना बोट घामाने सरकतं आणि आवाज आला तरी बटण दाबलंय की नाही कळत नाही. त्या घड्याळाचं बाजूचं बटण दाबलं की एक काटा थांबतो, दुसरा पळत राहतो, आणि ते मला सईला हातात धरून दाखवायचंय. निम्मे पैसे माझे होते. पुढच्या रविवारी तिची परत आठशे आहे, शुक्रवारच्या आत पोचेल असं कुरियर कर. किल्ली देऊन पाठवू नको, स्प्रिंग नाजूक आहे.

तुझा,
रव्या