रामबागेतल्या दादांना, त्या १२ एल्फांसाठी थँक्यू

दादा, तुम्ही पुण्याला निघालात तेव्हा घाईत नीट बोलताच आलं नाही, म्हणून आता सगळ्यांसमोरच लिहितोय.

मॅजिक द गॅदरिंग हा कार्डांचा खेळ शिकायला लागलो तेव्हा सगळा पॉकेटमनी दोन महागड्या कार्डांवर घातला होता आणि तरी दर रविवारी हरत होतो. तुम्ही पोह्यांच्या प्लेटा बाजूला सरकवल्या, चटईवर माझा डेक, म्हणजे खेळायचा कार्डांचा गठ्ठा, पसरला आणि एकेक कार्ड उचलून विचारत गेलात, "हे शेजारच्या कार्डाला काय देतं?" माझ्याकडे उत्तरच नव्हतं.

मग पॉपर समजावलंत, खेळायचा असा प्रकार ज्यात फक्त कॉमन, म्हणजे सहज मिळणारी कार्डंच चालतात. एका नावाची ४ च ठेवता येतात हे मला माहीत होतं, पण लॅनोवार एल्व्हज, एल्व्हिश मिस्टिक आणि फिंडहॉर्न एल्व्हज, ही एल्फांची कार्डं, नावं तीन आणि काम एकच, एका मानात (माना म्हणजे कार्डं उतरवायला लागणारी शक्ती) येतात आणि टॅप केलं, म्हणजे आडवं केलं, की एक हिरवा माना देतात, म्हणजे ४ चे १२ झाले की, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. ६० च्या डेकमध्ये ४ असतील तर पहिल्या ७ कार्डांत एखादा यायचा चान्स ४० टक्के, १२ असतील तर ८० च्या आसपास, हा हिशोब तुम्ही वहीत मांडून दाखवलात, ते पान मी जपून ठेवलंय.

आणि प्रीस्ट ऑफ टिटानिया! मैदानात जितके एल्फ तितका माना. पाच एल्फ होते, तुम्ही प्रीस्ट टॅप करून ५ माना घेतला, मग क्विरियन रेंजर या दुसऱ्या एल्फसाठी एक फॉरेस्ट (जमिनीचं कार्ड) हातात परत घेऊन प्रीस्टलाच अनटॅप, म्हणजे परत उभं केलं, की आणखी ५. मी ओरडलोच होतो, आई आतून बघायला आली.

क्रिप्ट रॅट्स या समोरच्याच्या कार्डाने माझं अख्खं मैदान साफ केलं त्या दिवशी म्हणालात, सगळे एल्फ एकदम उतरवू नकोस, दोन-तीन हातात राहू दे. अजून जड जातं, पण ऐकतो.

तुमचे ४ रेंजर माझ्याकडेच आहेत, ते तुम्ही दिले म्हणून तर डेक माझ्या बजेटमध्ये बसला. लिस अलाना हंटमास्टर या कार्डामुळे मैदानात येणाऱ्या जादा एल्फांसाठी जुन्या लग्नपत्रिकेची टोकन कापून दिली होतीत तीही अजून वापरतो, एकाच्या मागे "गोरज मुहू" एवढंच उरलंय.

डिसेंबरमध्ये इंदूरला याल तेव्हा घरीच या, आई गराडू तळणार आहे. डेक घेऊन या.