लुकलुकणारा सिग्नल म्हणजे बंद सिग्नल नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रात्री वर्दळ ओसरली की शहरांतील अनेक चौकांतले सिग्नल ‘ब्लिंकर’वर टाकले जातात. रिकाम्या चौकात लाल दिव्याकडे पाहत ताटकळण्यात अर्थ नाही, त्यामुळे मूळ व्यवस्थेला माझा विरोध नाही. मात्र पिवळा दिवा लुकलुकू लागला की सिग्नल बंद झाला, असे धरून चालणारे चालक वेग कमी करण्याऐवजी हॉर्नवर हात ठेवून, अप्पर-डिप्पर मारत चौक ओलांडतात, हे चिंताजनक आहे.

वास्तविक लुकलुकत्या पिवळ्या दिव्याला वेग कमी करून, आडवे कोणी येत नाही याची खात्री करूनच पुढे जायचे असते. आणि लुकलुकता दिवा लाल असेल, तर थांबरेषेच्या अलीकडे गाडी पूर्ण उभी करून, चौक मोकळा दिसल्यावरच निघायचे असते. शिकाऊ परवान्याच्या परीक्षेत हे प्रश्न विचारले जातात आणि त्यांची बरोबर उत्तरे देऊन मंडळी उत्तीर्णही होतात!

तथापि सगळा दोष चालकांच्या माथी मारणे योग्य नाही. पुष्कळ ठिकाणी चारही बाजूंना पिवळाच दिवा लुकलुकत असतो, म्हणजे सावकाश जाण्याची सूचना सर्वांना आणि थांबण्याची कोणालाच नाही. अशा वेळी मुख्य रस्त्यावरील वाहनाला आधी जाऊ द्यावे आणि मुख्य-गौण असा भेद नसेल तर आपल्या उजवीकडून येणाऱ्याला वाट द्यावी, असे १९८९ च्या नियमांपासून सांगितलेले आहे. पण प्रत्यक्षात ज्याची गाडी मोठी, तो आधी जातो. शिवाय दोन्ही रस्ते सारखेच रुंद असले की आपलाच रस्ता मुख्य, असे दोघांनाही वाटते.

म्हणून जिथे गल्ली किंवा उपरस्ता मोठ्या रस्त्याला मिळतो, तिथे उपरस्त्याला लुकलुकता लाल आणि मोठ्या रस्त्याला पिवळा, अशी विभागणी करावी. त्यासाठी नवे खांब उभारावे लागणार नाहीत. फक्त पुसट झालेल्या थांबरेषा पुन्हा रंगवाव्या लागतील, कारण रेषाच दिसत नसेल तर थांबायचे कुठे, हा चालकाचा प्रश्न रास्त आहे.

पादचाऱ्यांचा विचार तर या व्यवस्थेत झालेलाच दिसत नाही. ब्लिंकर सुरू झाला की त्यांचा हिरवा दिवाही मिळत नाही. झेब्रा पट्ट्यांवर पादचाऱ्याला वाट देणे चालकावर बंधनकारक असले, तरी रात्रीच्या एसटीतून उतरलेली माणसे सामान हातात घेऊन दुभाजकाशी ताटकळत राहतात आणि भरधाव वाहनांची रांग संपण्याची वाट पाहतात. बसथांबे, रुग्णालये आणि रेल्वे स्थानके यांच्या लगतच्या चौकांत निदान शेवटची बस जाईपर्यंत सिग्नल नेहमीप्रमाणे चालू ठेवावा, हवे तर त्याची वेळ कमी करावी, अशी संबंधित यंत्रणेला विनंती आहे.

कळावे,
एक वाचक, पुणे