सिस्टर, ती वही तुमच्यामुळे भरली

सिस्टर,

तोंडावर आभार मानले असते तर "बरं बरं, हात पुढं करा" म्हणून तुम्ही सुई टोचून मोकळ्या झाल्या असता. म्हणून हे चारचौघांत लिहिते. नाव घालत नाही. बेळगावात तुमच्या हातून सलाईन लावून घेतलेले ओळखतीलच.

स्तनाचा कॅन्सर हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारत नव्हतं. सासूबाई नुसतं "ते दुखणं" म्हणायच्या. पहिल्या केमोला तुम्ही ते लाल औषध हळूहळू सोडत होता आणि बोलत होता, "लघवी लाल होईल, त्याला घाबरू नका. पण ताप १००.४ झाला तर रात्री दोनला पण फोन करा. आणि वैनी, 'अंग गरम वाटलं' असलं सांगायचं नाही बगा. थर्मामीटर लावा, आकडा वहीत लिवा." केमोनंतर आठवड्या-दोन आठवड्यांत पांढऱ्या पेशी फार खाली जातात, तेव्हा साधा तापही जिवावर बेततो, हेही तेव्हाच कळलं.

पोराची अर्धी कोरी वही घेतली. आधी नुसते आकडे, उलट्या, पेज पोटात ठरली की नाही. खानापूरच्या बसमध्ये लिहिलेली अक्षरं अजून मलाच लागत नाहीत. पुढं केमोचं औषध बदललं, पॅक्लिटॅक्सेल सुरू झालं, त्यानं बोटं बधिर होऊ शकतात, आणि एका पानावर लिहिलं गेलं: "ब्लाऊजची हुकं लागत नाहीत. तांदूळ निवडताना खडा बोटाला कळत नाही." तुम्ही ते पान उघडूनच डॉक्टरांपुढं ठेवलंत. त्यांनी बोटं तपासली, कधीपासून विचारलं आणि डोस कमी केला. तोंडी विचारलं असतं तर मी "बरं आहे" म्हणाले असते. आपल्या बायका त्यात पटाईत.

मग वही वाट्टेल तिकडं गेली. नात्यातल्या एका बाईंनी माझा कप वेगळा काढला. कॅन्सर उष्ट्यानं लागत नाही, एवढं साधं सांगायला माझं तोंड उघडलं नाही. रात्री मात्र वहीत त्यांच्याशी कडाकडा भांडले. केस गळू लागले तेव्हा न्हाव्याला घरी बोलावलं आणि तो माझ्याहून जास्त घाबरला, तेही लिहिलं. तुम्ही ते वाचून हसलात. डोळे पुसणारे पुष्कळ भेटले हो, हसणाऱ्या तुम्हीच.

बैलहोंगलकडची ती बाई आठवते? पहिलाच केमो, भिंतीकडं तोंड करून पडलेली. "वैनी, तुमचं जरा सांगू काय हिला?" असं तुम्ही आधी मला विचारलंत. मी मान हलवल्यावर तिच्या खाटेशी बसून न्हाव्याची गोष्ट कन्नडमध्ये सांगितलीत. मला सगळं समजलं नाही, पण ती या कुशीवर वळली आणि तिनं माझ्या डोक्यावरचा स्कार्फ नीट बघून घेतला. मग तुमच्याकडून मला विचारून घेतलं, केस परत कसे आले, कुरळे की सरळ? तेव्हा आले नव्हते. आता आलेत, कुरळे. भेटली तर सांगा.

कॅन्सर परत येऊ नये म्हणून टॅमॉक्सिफेनची गोळी रोज चालू आहे. पुढच्या तपासणीला येताना दोनशे पानी वह्या आणते, एकरेघी. कुणाला द्यायच्या ते तुम्ही बघा.

तुमची,
खानापूरच्या वैनी